परत शून्यावर

स्वयंपाकघरातला काटा पिठासाठी ठीक आहे.
ग्रॅमच्या खालचं जग त्याला दिसतच नाही.
माझं विमान त्याच्यावर ठेवलं
तर म्हणाला, शून्य.
सहा आठवडे बाल्सा लाकूड तासत होतो,
वस्तऱ्याने, खिडकीत उजेड असेतो.
पंखांवर ताणलेला पडदा साबणाच्या फुग्याइतका पातळ,
पोटाखाली पीळ भरायचं रबर,
आणि हा म्हणतो शून्य.

म्हणून क्लुजच्या रविवारच्या बाजारात गेलो.
जुने कॅमेरे, बिनहातांची घड्याळं, रेडिओचे खोके,
आणि एका ताडपत्रीवर चार काटे, खिशात मावणारे.
एक दोनशे लेईचा: सोबत पितळी वजन, मखमलीत निजलेलं.
त्याच्याकडे मी नुसतं पाहून घेतलं.
दुसरा पन्नासचा.
पन्नास लेई म्हणजे जानेवारीत चार दिवसांचा गॅस.

बोल्दिझार सांगायचा,
चाळीस वर्षं औषधाच्या पुड्या बांधलेला माणूस,
काटा घेताना तो काय सांगतो ते ऐकू नकोस.
वजन उतरव,
आणि तो परत शून्यावर येतो का बघ.

खिशातून दहा बानीचं नाणं काढलं.
त्याचं वजन मला तोंडपाठ, चार ग्रॅम.
पहिल्यांदा ४.००
दुसऱ्यांदा ४.०३
तिसऱ्यांदा ३.९८
पोरगा म्हणाला, सरासरी काढा की, काका.
मी नाणं उचललं.
आकडे घुटमळले,
०.०१,
मग उगाच चोरी पकडल्यासारखे खाली बसले.
अडतीस लेईत घेतला.

घरी आल्यावर त्याची नाटकं.
फ्रीज गुरगुरला की ढळायचा,
खालून ट्रक गेला की ढळायचा,
माझा श्वाससुद्धा तोलात धरायचा.
शेवटी काकडीच्या लोणच्याची बरणी धुतली
आणि त्याच्यावर उपडी घातली.
बरणीच्या आत तो जरा माणसात आला.
तोंड फिरवून, श्वास रोखून,
डोळ्याच्या कोपऱ्यातून वाचायचं:
पंख ०.३१. दांडी ०.४४.
गोंदाचे थेंबसुद्धा मोजले,
एवढा हिशेब मी गिरणीतसुद्धा कधी ठेवला नव्हता.

स्पर्धा आमच्या मिठाच्या खाणीत.
वर एप्रिलचा वारा टोप्या उडवत होता;
जिने उतरत गेलो तसा तो मागे मागे राहिला.
खाली थंडी, आणि हवा अशी
की कुणी काडी ओढली तर ज्योत वाकत नाही.
तिथल्या टेबलावर माझा काटा
पहिल्यांदाच ०.०० वर बसला
आणि बसूनच राहिला.
मी बरणी काढून ठेवली.
विमान भरलं १.२१.
नियम: एक पूर्णांक वीसच्या खाली नको.

परीक्षक कोर्नेलियाबाईंचा काटा महागाचा, काचेच्या पेटीतला.
त्याच्यावर १.१९.
मापात पाप कुणाच्याच नव्हतं.
पण त्यांचा काटा सरकारी, माझा ताडपत्रीवरचा.
जन्मभर हलकं करायला शिकलो,
आता जड करायचं होतं, दोन शतांश,
आणि खिशात रुमालाशिवाय काही नाही.

स्मारांदा शेजारच्या टेबलावरची, अकरा वर्षांची,
तिचं विमान नाकाने जडच.
तिने भिंतीवरून नखाने एक खडा खरवडला,
पांढरा, मोहरीपेक्षा थोडा मोठा,
आणि माझ्यापुढे तळहात धरला.
गोंदाच्या टिपक्याने तो नाकाशी चिकटवला.
कोर्नेलियाबाईंनी चष्मा वर सारला: १.२१.
मीठ चालतं का, असं नियमात कुठे नव्हतं.

नऊ मिनिटं चाळीस सेकंद.
खाल्ल्या मिठाला जागलं म्हणा.
छताच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांखाली ते सावकाश फिरत राहिलं,
आम्ही माना वर करून,
कोणी खोकत नव्हतं.
स्मारांदाचं बारा मिनिटं टिकलं. जड होतं तरी.
का, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

घरी महिनाभराने पुन्हा भरलं: १.२३.
बाहेर पाऊस, खड्याला ओल धरलेली.

तिचा फोन आला होता परवा.
मलाही काटा घ्यायचाय, स्वस्तातला, कुठला घेऊ?
कंपनीचं नाव मला आठवेना.
म्हटलं, रविवारी लवकर जा,
आणि जाताना नाणं घे.